हाताच्या टप्प्यातले हरीण

हरीण हलाल आहे की हराम, हा प्रश्न उर्दू माध्यमाच्या वर्गात दर दोन-तीन वर्षांनी एखादा मुलगा विचारतोच. उत्तर सोपे आहे. हरीण हलाल आहे. परंतु त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो आणि तो मुलांपेक्षा मोठी माणसेच अधिक विचारतात. अल्लाहने जे हलाल केले ते सरकार बंद कसे करू शकते? या प्रश्नात थोडी तक्रार असते, थोडा हेका असतो आणि थोडी खरी जिज्ञासाही असते. तिन्ही बाजूला सारून या प्रश्नाकडे नीट पाहावे, असे आम्हाला वाटते. कारण तो केवळ मांसाचा प्रश्न नाही. जे रान सर्वांचे आहे, त्या रानातल्या जिवावर कोणाचा हक्क, आणि त्या जिवामुळे होणारे नुकसान कोणी सोसायचे, असा तो प्रश्न आहे.

शिरोडा हे समुद्रकाठचे गाव. इथे मिठागरे आहेत, मासळी आहे, माड-पोफळीच्या बागा आणि काजूची कलमे आहेत. हरणांचे कळप इथे कोणी पाहत नाही. भेकर आणि पिसोरी ही लाजाळू जनावरे आत, सह्याद्रीच्या पायथ्याच्या रानात राहतात. सांबर आंबोलीच्या बाजूला. आमच्या बागायतीत येतात ते वानर, माकडे आणि रानडुकरे. सावंतवाडी-दोडामार्गाकडे गवे भातात आणि केळीत उतरतात. २००२ सालापासून कर्नाटकातून आलेल्या हत्तींची त्यात भर पडली. नारळ कोवळा असतानाच माकड तो तोडून टाकते, डुकराचा कळप एका रात्रीत भाताचा चोंढा उकरून ठेवतो. मांगरात बसून, डबे वाजवून, जागून राखण करणारा शेतकरी सकाळी म्हणतो, ‘‘जनावर सरकारचा आणि नुस्कान आमचा.’’ या एका वाक्यात जेवढा युक्तिवाद आहे तेवढा मोठमोठ्या परिसंवादांतही सापडत नाही.

आधी कायदा काय आहे ते पाहू. मुंबई राज्यात १९५१ साली वन्य पशुपक्षी संरक्षणाचा कायदा झाला. पुढे १९७२ साली देशासाठी वन्यजीव संरक्षण अधिनियम आला. या मूळ कायद्यात शिकार पूर्ण बंद नव्हती. काही जनावरांसाठी परवाना मिळे. १९९१ च्या दुरुस्तीने ते परवाने गेले आणि शिकार हा सरसकट गुन्हा झाला. शिकार म्हणजे केवळ बंदुकीचा बार नव्हे. फासकी लावणे, जाळे टाकणे, आमिष दाखवणे, हाकारा करणे हेही त्यात येते. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली आणि तिने अनुसूची नव्याने मांडल्या. गव्यासारखे जनावर पहिल्या अनुसूचीत आहे. पीक खाल्ले म्हणून त्याला मारण्याची परवानगी देता येत नाही. माणसाच्या जिवाला धोका असेल, किंवा ते बरे न होण्याइतके जखमी वा आजारी असेल, तरच तसा विचार होतो. रानडुकरासारख्या दुसऱ्या अनुसूचीतल्या जनावराने उभ्या पिकाचे नुकसान केले, तर मात्र अधिकारी कारणे नोंदवून लेखी परवानगी देऊ शकतो. स्वतःचा जीव वाचवताना सद्‌हेतूने जनावर मारले गेले तर तो गुन्हा नाही.

याच कायद्याचे ३९ वे कलम असे आहे की शिकार झालेले किंवा मेलेले आढळलेले वन्य जनावर ही सरकारची मालमत्ता ठरते. शेतकऱ्याला यातला विनोद बरोबर कळतो. शेतात चरत असताना ज्याचा कोणी धनी नसतो, त्याचा मेल्याबरोबर धनी उभा राहतो.

हा संशय जुना आहे आणि त्याला इतिहास आहे. शिकारीवर पहिली बंधने घातली ती राजांनी, आणि ती जनावराच्या दयेपोटी नव्हे, तर शिकार स्वतःसाठी राखून ठेवण्यासाठी. बादशहा जहांगीरने आपल्या आत्मचरित्रात शिकारीचा हिशेब लिहून ठेवला आहे. वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत त्याच्यासमोर २८,५३२ जनावरे मारली गेली आणि त्यांतली १७,१६७ त्याने स्वतःच्या हाताने मारली. याच जहांगीरने लाहोरजवळ शेखुपुऱ्याला आपल्या आवडत्या हरणाच्या आठवणीसाठी मिनार बांधला आणि त्या परिसरात हरणांच्या शिकारीला मनाई केली. पुढे इंग्रज आले, संस्थानिक राहिले. शिकार हा साहेबाचा आणि राजाचा शौक झाला, आणि तेच काम रयतेने पोटासाठी केले की ती चोरी ठरली. अशा इतिहासातून आलेल्या माणसाला ‘शिकार बंद’ हे शब्द ऐकताच ‘आमच्यासाठी बंद’ असे वाटले, तर त्याला लगेच अडाणी म्हणू नये.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हलाल गोष्ट बंद करता येते काय? आम्हाला वाटते, ज्यांनी हा प्रश्न धर्माच्या नावाने उभा केला त्यांनी कुरआन शरीफातली सूरह माइदा पुन्हा एकदा शांतपणे वाचावी. हजला निघालेला माणूस एहराम बांधतो, तेव्हा त्याच्यावर जमिनीवरची शिकार निषिद्ध होते. जनावर तेच, माणूस तोच, तीर तोच. फक्त वेळ आणि स्थिती बदलली. मक्केच्या हरमच्या हद्दीत तर एहराम नसलेल्यालाही शिकार करता येत नाही. तिथली झाडेदेखील तोडायची नाहीत. मदिनेभोवतीचा प्रदेशही हजरत पैगंबरांनी असाच हरम ठरवला. अरबस्तानात ‘हिमा’ नावाची पद्धत होती, म्हणजे राखीव कुरण. बलवान सरदार ते आपल्या उंटांसाठी अडवून ठेवीत. इस्लामने ती खासगी मिरासदारी मोडली आणि सार्वजनिक गरजेसाठीच हिमा राखावी असे ठरवले.

म्हणजे हलाल असणे वेगळे आणि केव्हाही, कुठेही, कितीही मोकळे असणे वेगळे. शिकार मुबाह आहे, फर्ज नाही. जी गोष्ट करणे सक्तीचे नाही, तिला सर्वांच्या भल्यासाठी काळाची आणि जागेची हद्द घातली तर धर्माला कोणताही धक्का बसत नाही. उलट अशी हद्द घालण्याचा धडा धर्मानेच दिला आहे. आमच्या कोकणातल्या हिंदू बांधवांच्या देवराया पाहा. तिथेही रानाचा एक तुकडा असा ठेवला की ज्यात कोयता चालवायचा नाही. श्रद्धा वेगळ्या आहेत, पण हात आवरण्याची शिस्त एकच आहे.

त्याच सूरेत आणखी एक गोष्ट आहे आणि ती आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. तिथे सांगितले आहे की अल्लाह तुमची परीक्षा अशा शिकारीने घेईल, जी तुमच्या हातांच्या आणि भाल्यांच्या टप्प्यात असेल. दूर डोंगरावरच्या हरणाला न मारण्यात कसली परहेजगारी? हरीण हाताशी आले आहे, कोणी पाहत नाही, भूकही आहे, आणि तरीही हात थांबतो, तेव्हा माणूस कळतो. वनरक्षक प्रत्येक झाडामागे उभा राहू शकत नाही. शिकारबंदीचा कायदा शेवटी अशा न पाहिलेल्या क्षणावरच टिकतो किंवा कोसळतो.

इथपर्यंत आमचे म्हणणे निसर्गप्रेमी मंडळींना आवडेल. परंतु प्रश्नाची दुसरी बाजू आहे आणि ती टाळून चालणार नाही. केवळ न मारण्याने रानाचा तोल राहतोच असे नाही.

सांगली जिल्ह्यातले सागरेश्वर अभयारण्य याचा जवळचा दाखला आहे. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून उघड्याबोडक्या डोंगरावर झाडे उभी राहिली, हरणे आणून सोडली गेली आणि १९८५ साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्रफळ अवघे १०.८७ चौरस किलोमीटर. माणसाच्या हाताने रान उभे राहिले ही थोर गोष्टच. पण त्या कुंपणाच्या आत चितळ-सांबरांची संख्या आवरणारा वाघ नव्हता. संख्या वाढली, चारा अपुरा पडला आणि हरणे कुंपणाबाहेर ऊस-द्राक्षांच्या शेतांत जाऊ लागली. तिथली जादा हरणे पकडून चांदोली-कोयनेच्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात सोडण्याचा मार्ग वनखात्याने धरला, तो म्हणूनच आम्हाला शहाणपणाचा वाटतो. एका जागी जे ओझे झाले, ते दुसऱ्या जागी वाघाचे अन्न होते. अंदमानात इंग्रजांनी चितळ नेऊन सोडले. तिथे त्यांना खाणारे मोठे जनावर नाही. आज ते चितळ तिथल्या रानात नव्या रोपांना वर येऊ देत नाहीत.

अमेरिकेत या प्रश्नाला वेगळे उत्तर दिले गेले. तिथे बेसुमार आणि विक्रीसाठी झालेल्या शिकारीमुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पांढऱ्या शेपटीची हरणे पाच लाखांच्या आसपास उरली होती. मग रानटी जनावराच्या मांसाच्या बाजारावर बंदी आली, हंगाम ठरले, एका परवान्यावर किती जनावरे मारायची हे ठरले, नर किती आणि मादी किती हेही ठरले. १९३७ साली बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या कामाला लावणारा कायदा झाला. आज तिथे या हरणांची संख्या तीन कोटींच्या घरात सांगितली जाते. सरकारी रानात परवाना काढून सामान्य माणूस शिकार करतो आणि तिचा पैसा रान राखायला जातो. लांडगे बहुतेक ठिकाणी मारून संपवले गेले होते. त्यांचे काम तिथे शिकाऱ्याच्या हाती आले.

हा नमुना जसाच्या तसा सिंधुदुर्गात आणा, असे कोणी म्हणेल तर आम्ही नाही म्हणू. आपल्याकडे बिबट्या आहे, वाघाची ये-जा आहे आणि त्यांच्या तोंडचा घास असलेली भेकरे-सांबरे मुळातच थोडी आहेत. रानातली शिकार कमी झाली की बिबट्या गावातल्या कुत्र्यावर येतो. शिवाय आमच्या जिल्ह्यात सरकारी रान थोडे आणि मालकी रान फार; गावाच्या हद्दी आणि जनावरांच्या वाटा एकमेकींत गुंतलेल्या. इथे हंगामी शिकार खुली केली तर माप डुकराचे घेतले जाईल आणि मरेल भेकर. मात्र त्या नमुन्यातल्या दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. एक, आधी मोजा, मग ठरवा. दोन, ज्याला रान हवे आहे त्याने त्याचे पैसे द्यावेत.

न मोजता, घाईने मारले की काय होते, तेही आपण पाहिले आहे. केंद्र सरकारने बिहारमधल्या काही जिल्ह्यांत नीलगाय ‘उपद्रवी’ म्हणून जाहीर केल्यावर २०१६ च्या जूनमध्ये मोकामा भागात हैदराबादहून आलेल्या नेमबाजांनी काही दिवसांत दोनशेहून अधिक नीलगायी मारल्या. त्यावरून मनेका गांधी आणि प्रकाश जावडेकर हे दोन केंद्रीय मंत्रीच एकमेकांविरुद्ध बोलू लागले. एका बाजूला जनावराची करुणा होती, दुसऱ्या बाजूला शेतकऱ्याचे पीक होते. दोन्ही बाजू खऱ्या होत्या. पण एवढी जनावरे मारल्यानंतर पुढच्या हंगामात पीक किती वाचले, हा साधा प्रश्न त्या गदारोळात हरवला.

आमच्या मते सारा पेच इथे आहे. दया ही मोठी गोष्ट आहे, परंतु दयेला किंमत पडते आणि ती किंमत कोण देतो यावर तिचे खरेखोटेपण ठरते. महिन्याच्या महिन्याला पगार घेणाऱ्या आमच्यासारख्या शिक्षकाला दया स्वस्त पडते. मुंबई-पुण्याहून आंबोलीला पाऊस पाहायला येणाऱ्याला ती फुकटच पडते. ज्याचे वर्षाचे भात गव्याने तुडवले, त्याच्याकडून मात्र ती रोख वसूल होते. देशाने ठरवले की गवा जगला पाहिजे. ठराव सर्वांनी मिळून केला आणि बिल एका घरी पाठवले. याला दया म्हणता येत नाही. दुसऱ्याच्या ताटातले उचलून केलेला तो सदका आहे, आणि असा सदका कबूल होत नाही हे आपल्या पोरासोरांनाही माहीत आहे.

सूरह माइदेचा तो भाग इथे पुन्हा उपयोगी पडतो. एहरामात असताना कोणी जाणूनबुजून शिकार मारली तर त्याने कफ्फारा द्यायचा आहे. मारलेल्या जनावराच्या तोडीचे पाळीव जनावर कुर्बानीसाठी द्यायचे, किंवा गरिबांना जेवू घालायचे, किंवा तितके रोजे ठेवायचे. आणि तोडीचे जनावर कोणते, हे तुमच्यातली दोन न्यायी माणसे ठरवतील. म्हणजे जिवाची भरपाई आहे, तिला माप आहे आणि ते माप घेणारी माणसे न्यायी असली पाहिजेत अशी अटही आहे. आम्ही काही फिकहचे जाणकार नाही आणि यावरून नवा मसला काढण्याचा आमचा अधिकारही नाही. परंतु या मांडणीतला न्याय आम्हाला दिसतो. माणसाने जनावराचे नुकसान केले तर त्याचे माप घेतले जाते. मग जनावराने माणसाचे केले आणि माणसाने कायद्याला मान देऊन हात आवरला, तर त्याच्या आवरलेल्या हाताचे माप कोणी घ्यायचे? सरकार नुकसानभरपाई देते, पंचनामा होतो, हे खरे. पण अर्ज, सात-बारा, फोटो, हेलपाटे आणि मग हाती येणारी रक्कम यांचा हिशेब करून अनेक शेतकरी अर्जच करत नाहीत. आमच्या कायद्याने एहरामाचा अर्धा भाग घेतला. दोन न्यायी माणसांचा अर्धा भाग कागदावर राहिला.

आणि जिथे न्याय उशिरा पोचतो तिथे फासकी लवकर पोचते. डुकरासाठी लावलेल्या तारेच्या फासकीत बिबट्या अडकल्याच्या बातम्या आमच्या जिल्ह्यात नव्या नाहीत. गावठी बॉम्ब तर गाय, कुत्रा, माणूस असा भेदच करत नाही. फासकी लावणारा स्वतः हजर नसतो. जनावर रात्रभर तडफडते आणि त्याची जबाबदारी कोणीच घेत नाही. जबह करताना सुरी धारदार असावी, जनावराला दुसऱ्या जनावरासमोर कापू नये, इतकी काळजी शिकवणाऱ्या धर्माच्या माणसाने तरी या पद्धतीला मनातसुद्धा माफी देऊ नये.

काही जण शिरोड्याचेच उदाहरण देतात. १९३० साली याच गावच्या मिठागरांवर लोकांनी मिठाचा कायदा मोडला. मग अन्याय्य वाटणारा रानाचा कायदा का मोडू नये? तुलना सुचण्यासारखी आहे, परंतु ती दोन ठिकाणी तुटते. सत्याग्रहींनी कायदा भरदिवसा, सर्वांदेखत मोडला आणि शिक्षेसाठी पाठ पुढे केली. फासकी अंधारात लागते. आणि उचललेले मीठ परत ठेवता येते, मारलेले भेकर पुन्हा उभे करता येत नाही. ज्याला कायदा बदलायचा आहे त्याने ग्रामसभेत, मोर्चात, न्यायालयात उभे राहावे. मुक्या जिवाला आपल्या सत्याग्रहाचे मीठ करू नये.

एक गोष्ट आमच्याच समाजाला सांगायची आहे. रानडुकराचा विषय निघाला की आमच्यात एक प्रकारची बेफिकिरी दिसते. ते खायचे नाही, म्हणून त्याच्या जगण्यामरण्याशी आपला संबंध नाही. पण खाणे हराम असणे म्हणजे जीव स्वस्त असणे नव्हे. हदीसमध्ये काही उपद्रवी जनावरे हरमच्या हद्दीतही मारण्याची मुभा आहे. त्यांत कावळा, उंदीर, विंचू, चावरा कुत्रा येतात. गंमत अशी की आपल्या १९७२ च्या कायद्यातही उपद्रवी प्राण्यांची एक यादी होती आणि तिच्यात कावळा व उंदीर होतेच. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादी गेली. याचा अर्थ त्रासापासून बचाव करण्याचा हक्क धर्माने आणि कायद्याने दोघांनीही मानला. पण विनाकारण मारलेली चिमणी कयामतच्या दिवशी फिर्याद करील, असेही हदीसच सांगते. बचाव आणि मौज यांच्यातली रेघ तिथे स्पष्ट आहे.

बसऱ्याच्या इख्वानुस्सफा या विद्वानांनी दहाव्या शतकात एक रिसाला लिहिला. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजसाठी मौलवी इकराम अली यांनी १८१० मध्ये तो उर्दूत आणला. त्यात जनावरे जिन्नांच्या बादशहाकडे माणसाविरुद्ध फिर्याद करतात. माणूस आपली हुशारी, कारागिरी, राज्ये, ग्रंथ असे एकेक पुरावे मांडतो आणि जनावरे एकेक खोडून काढतात. शेवटी माणसाच्या बाजूने टिकते ते एवढेच की त्याला मरणानंतर उठायचे आहे, बक्षीस आणि शिक्षा त्याच्यासाठी आहे. म्हणजे माणूस श्रेष्ठ आहे तो त्याला हिशेब द्यायचा आहे म्हणून. आम्हाला हा निकाल मान्य आहे, आणि तो आपल्यावर ओझे टाकणारा आहे.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. शिकारबंदी राहावी. हरीण हलाल असले तरी आजचे रान एहरामात आहे असे मानावे. पण ज्याच्या शेतातून ही बंदी पाळली जाते त्याचा पंचनामा आठवड्यात व्हावा, आणि तो करताना वनखात्याच्या माणसाबरोबर गावाने निवडलेला एक न्यायी माणूस असावा. पैसे पुढच्या पेरणीआधी हातात पडावेत. कुंपणाचा आणि राखणीचा खर्च रानावर पर्यटन चालवणाऱ्यांनीही उचलावा. कुठे जनावरे खरोखरच जादा झाली असतील तर आधी मोजावीत, हलवता येत असतील तर हलवावीत. डुकरासारख्या जनावराला मारणेच भाग पडले, तर लेखी हुकुमाने, शिकलेल्या हाताने, विणीचा काळ टाळून मारावे आणि किती मारली याचा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा. मारणाऱ्याला नाव असावे आणि मारल्याचा हिशेब असावा.

हलाल जनावरावरचा हात आवरायला शेतकऱ्याला सांगणारा समाज स्वतःचा खिसाही सैल करायला तयार असला पाहिजे. हरीण शेतकऱ्याच्या हाताच्या टप्प्यात आहे आणि शेतकऱ्याचे नुकसान आपल्या सर्वांच्या टप्प्यात आहे. त्याची परीक्षा रोज रात्री चालू असते. आपली अजून सुरूच व्हायची आहे.